पारण्याचा पहिला घोट

माझ्यावर ज्यांनी उपकार केले त्या एक म्हाताऱ्या गुजराती जैन बाई. सगळं घर त्यांना बा म्हणतं, म्हणून मीही बाच म्हणते. भाईंदर पश्चिमेला त्यांच्याकडे मी स्वयंपाकाला आहे. काय घडलं ते सांगतेच, पण नाव आधी त्यांचं. चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभी राहिले की मला रडू येतं आणि नेमकं त्यांचंच सांगायचं राहून जातं.

मी जालन्याकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, मागे मीही, त्यात सहावीतच शाळा सुटली. पुढे इकडे आले. गोडदेवला आम्ही तिघी बायका एका खोलीत राहतो. त्यातल्याच एकीने मला बांकडे नेलं. जिन्यात म्हणाली, "ख्रिस्ती आहे म्हणू नको हां. मासे-मटण खातेस कळलं की दारातूनच टाटा. माळकरी म्हण."

बांनी विचारलं आणि मी म्हणून बसले, "माळकरी आहोत आम्ही."

"मग माळ कुठाय?" त्यांच्या सूनबाईंनी लगेच विचारलं.

"तुटली भाभी. ओवायला दिलीय."

एका खोट्याच्या पाठोपाठ दुसरं, तेही किती सहज! त्यानंतर चार महिने माझ्या जिवाला चैन नव्हती. रविवारी काम उरकून उपासनेला जायचे, पण प्रभुभोजनाची भाकर जवळ आली की मान खाली घालून ताट शेजारणीकडे सरकवायचे. कोणत्या तोंडाने घेणार? आणि खरं सांगावं तर काम जाणार, काम गेलं की गावी परत जाणार, आणि गावी हातात परत तो ऊसतोडीचा कोयता. 

मग त्यांचं पर्युषण आलं. बांनी आठ दिवसांचा उपास धरला. आठ दिवस अन्नाचा कण नाही, नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंतच. नवव्या दिवशी सकाळी पारणं, म्हणजे उपास सोडायचा. मी लवकर जाऊन मुगाचं पाणी उकळत ठेवलं होतं. पहिलं तेच घ्यायचं असतं.

तेवढ्यात बा भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. मला वाटलं, पाणी मागायला आल्या. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडं, दीकरी. मनाने, बोलून, हातापायाने तुला काय लागलं असेल तर माफ कर. रोटी जाडी झाली तेव्हा तुला घाटी बोलली ना मी?"

मी तर विसरूनही गेले होते. त्यांचे डोळे खोल गेले होते. ज्यांच्याशी मी रोज खोटं वागत होते, त्याच माझ्याकडे माफी मागत होत्या. माझ्या हातातली पळी ओट्यावर पडली आणि तोंडातून सगळं बाहेर आलं. माळकरी नाही, ख्रिस्ती आहे. माळ तुटली नव्हती, कधी नव्हतीच. घरी मासे खाते.

सूनबाई दारातच होत्या. "बा, सुना आपने? चार महिने से झूठ! आणि पारण्याचं हिच्याच हातचं?"

 बा हळूच स्टुलावर बसल्या. गॅसवर पाणी उकळतच होतं, ते बंद करायचंही मला सुचेना. मी मनात पिशवी भरून, खोली सोडून, गावच्या एसटीत बसलेसुद्धा.

"मी माफी मागितली," बा म्हणाल्या. "तू दिली की नाय दिली, ते नाय बोललीस."

"बा, मी काय देणार? तुम्हीच..."

"दिली का?"

"दिली, बा."

"मंग मी पण दिली. आता पाणी दे. आठ दिवस झाले, किती बोलायला लावशील?"

मी वाटी पुढे केली तर त्या घेईनात. पारण्याचा पहिला घोट दुसऱ्याच्या हातून घ्यायचा असतो म्हणे, आणि तो मान घरातल्याच कुणाला देतात. बांनी तोंड पुढे केलं. मी चमचा धरला. निम्मं त्यांच्या पदरावर सांडलं, निम्मं त्या प्यायल्या आणि डोळे मिटून बसून राहिल्या. मला वाटलं, हलले तर काहीतरी मोडेल.

कृपेवर पाळक पुष्कळदा बोलले आहेत. मला वाटायचं ती वरून येत असेल, उजेडासारखी. ती आठ दिवसांच्या उपाशी पोटी भिंत धरत माझ्याकडे चालत येईल, आणि वर मलाच हात जोडेल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. त्या रविवारी मी भाकर घेतली. चावताना हुंदका आला, शेजारणीने पाठीवरून हात फिरवला.

सूनबाई पुढे पंधरा दिवस घुश्शात होत्या. "मासे खाके सीधा इधर नहीं आना," एवढंच बजावलं. "नहाके आती हूँ भाभी," म्हटलं. "दाँत भी!" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

बांना एकदा गुजरातेतल्या पालिताण्याच्या तीर्थाचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचाय. गुडघे साथ देत नाहीत, आणि डोलीत बसायला त्या तयार नाहीत. घरात कुणाला वेळ नाही. बा, मी येईन. बिनपगारी सुट्टी टाकून, माझ्या खर्चाने येईन. एकेका पायरीला तुमचा हात धरीन, तुम्ही दमलात की बसू, मग पुन्हा उठू. तुम्ही देवळात जा, मी बाहेर थांबेन. देवाने मला तेवढं बळ आणि तुम्हाला तेवढं आयुष्य द्यावं. एक दिवस मी हे फेडणार आहे.