रागोतचं हत्तीगवत

रुसिंगा बेटावर दीडशहाण्यांना कधी तोटा नव्हता, आणि रागोत त्यांचा म्होरक्या. मेळाव्यात शेतीखात्याच्या बाई सांगत होत्या: मक्याच्या ओळींमध्ये ही वेल लावा, तिच्या वासाने खोडकिड्याचा पतंग पळतो, बांधावर हत्तीगवत लावा, त्याच्या वासाने तो तिकडे ओढला जातो. पुढचं ऐकायला रागोत थांबला नाही, कारण चहा आणि गरम तळलेली गोड मंडाझी आली होती.

घरी येऊन त्याने वेल आपल्या मक्यात पेरली आणि हत्तीगवत सगळंच्या सगळं धाकट्या भावाच्या विधवेच्या, अबुयाच्या बांधाला लावलं. पतंग तिच्याकडे जातील, पीक बुडेल, बाई माहेरी जाईल, शेत आपलं. एवढ्या नीचपणालाही थोडी अक्कल लागते, आणि त्याच्याकडे तेवढीच होती.

अबुयाने विचारलं, "भावजी, यातले चार ठोंब नेऊ? बाकीच्या बांधांनाही लावते."

"ने की," रागोत हसला. "पतंगांना चहूबाजूंनी आवतण दे."

पुढे आपली गाय वेल आवडीने खाते, दूधही वाढतं असं दिसल्यावर रागोतने मक्यातली वेल मुळासकट उपटून तिला घातली आणि गावभर दुधाच्या बढाया मारल्या.

पतंगांनी हत्तीगवतावर अंडी घातली, आणि अळ्या त्याच्या चिकात अडकून मेल्या. रागोत मंडाझी चावत होता तेव्हा बाई हेच सांगत होत्या. अबुयाचा मका कणसांनी लगडला. वेल गेलेल्या रागोतच्या मक्याची ताटं मात्र अळ्यांनी आतून पोखरली.

पण घरची रीत अशी, की थोरल्याने आपलं नवं धान्य खाल्ल्याशिवाय धाकट्याच्या चुलीवर नवं शिजत नाही. अबुयाची पोरं पिकल्या शेताकाठी उपाशी, आणि हा निर्लज्ज सांगत फिरतोय, "माझं अजून पिकायचंय."

"पिकायला उरलंय काय तुझं?" म्हातारी आई म्हणाली. "चल शेतात."

"आई, लोक बघतील."

"बघू देत. तुझ्या लाजेपायी त्या पोरांनी पोटाला चिमटा घ्यायचा होय रे?"

भर दुपारी, साऱ्या घरादारासमोर, रागोतने शेत पालथं घातलं आणि वीतभरही नसलेलं, किडीने निम्मं खाल्लेलं एक कणीस आणलं. म्हातारीने ते उकडून त्याच्यापुढे ठेवलं.

"खा. म्हणजे बाकीचे जेवतील."

त्याने पहिला घास तोंडात घातला, आणि तो गिळायच्या आत अबुया टोपली घेऊन शेतात शिरलीही होती.