रंगनाथरावांचा पावतीवाला कॉम्प्युटर

आमच्या ह्यांच्या प्रामाणिकपणाचं लोकांना इतकं कौतुक, की काय सांगू! कौतुक करायचे आणि काम दुसऱ्याकडे न्यायचे.

हे म्हणजे रंगनाथराव, माझे यजमान. सिडकोतल्या आमच्या पुढच्या खोलीत यांचं वधू-वर सूचक मंडळ होतं. नोकरी सोडून मोठ्या हौसेनं काढलेलं. "मरेपर्यंत हेच करणार," म्हणायचे. लोक यायचे, चहा प्यायचे, स्थळं बघायचे. दोन हजार पाचच्या सुमाराला जो तो कॉम्प्युटर घ्यायला लागला, तेव्हा यांनीही घेतला. तेव्हा गावभर विंडोजची चोरीची सीडी फिरायची. दुकानदारच घालून द्यायचा, तीही सगळ्यात भारीतली. हे मात्र अडून बसले. "लोकांच्या मुलींची लग्नं जुळवायची, ती काय चोरीच्या वस्तूवर? मला पावती पाहिजे." झालं! मग परवडली ती सगळ्यात स्वस्त, हिंदीतली, स्टार्टर नावाची विंडोज.

तिची खोड लगेच कळली. एका वेळी तीनच प्रोग्राम चालायचे. चौथा उघडायला गेलं की पडद्यावर सूचना यायची, आधीचा एक बंद करा. आता मंडळात काय लागतं? मुलीची माहिती, फोटो, पत्रिका जुळवायचा प्रोग्राम, आणि मुलगा परदेशी असला तर कॅमेऱ्यावरचं बोलणं. झाले की चार! हे दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "काका, मोठी आवृत्ती घ्या, तिच्यात सगळं आहे." यांचं डोकंच फिरलं. "म्हणजे याच मशीनला सगळं जमतंय, आणि तुम्ही मुद्दाम हातपाय बांधून दिलंय?" दुकानदार हसला आणि हळूच चोरीची सीडी पुढे केली. हे तरातरा घरी आले.

वणीच्या लंकाबाई आपल्या मुलासाठी आल्या, तेव्हा मंडळाला अशा एका लग्नाची फार गरज होती. त्यांच्या भाऊबंदांत लग्नाची पोरं पुष्कळ. हे जुळलं असतं तर ती सगळी आमच्याकडेच आली असती. मुलगा हर्षल दुबईला. मुलगी आणि तिचे आईवडील आमच्याकडे बसलेले, हर्षल कॅमेऱ्यावर, बाजूला मुलीची माहिती आणि फोटो. लंकाबाई म्हणाल्या, "पोरं बोलत्यात तवर गुण किती जुळत्यात ते दाखवा की." पत्रिकेचा प्रोग्राम काही उघडेना. बाई टेबलावर बोटं वाजवायला लागल्या. हे घाबरले, घाईघाईत फोटो बंद करायला गेले आणि बंद झाला हर्षल! मुलगी बिचारी बोलत होती, ती तशीच थांबली.

पुन्हा लावेपर्यंत तो कामाला निघून गेला होता. "बोलणी चाललेली अन् पोराचं तोंड गपकन गेलं. हे लक्षण काय बरं नाय, भाऊ," म्हणत लंकाबाई उठल्या. चहासुद्धा घेतला नाही. मी म्हटलं, "अहो, मशीनचा दोष आहे तो." तर म्हणतात, "मग असलं मशीन ठेवावं कशाला?" कपाळ माझं! कॉलेज रोडला सुनील म्हणून एकानं असंच मंडळ काढलं होतं, त्यांच्या नात्यातली सगळी स्थळं त्याच्याकडे गेली.

मी किती वेळा म्हटलं, घाला ती सीडी, सगळं जग घालतंय. ऐकतील तर शपथ. मला राग यायचा, आणि खरं सांगू, अभिमानही वाटायचा. पण अभिमानानं चूल पेटत नाही हो. शेवटी मंडळाची पाटी उतरवली. मग सुनीलनंच बोलावलं आणि हे त्याच्याकडे पगारावर बसायला गेले.

पहिल्या दिवशी परत आले, मी ताट वाढलं. विचारलं, "कसा काय आहे त्यांचा कॉम्प्युटर?"

"चोरीचाच आहे," म्हणाले. घास हातातच राहिला. "पण सगळं एकदम उघडतं गं." आणि माझा एवढा ताठ नवरा लहान पोरासारखा रडायला लागला.