चाकूआधीचा प्रश्न

डॉ. वामनरावांची आणि माझी पहिली भेट अकोल्याला, जठारपेठेतील त्यांच्या दवाखान्यात झाली. मी अमरावतीत नवाच डॉक्टर होतो. चांदूर बाजारच्या एका माळी कुटुंबातील सून यमुना आणि तिची सासू, अशा दोघींना घेऊन गेलो होतो. यमुनेचे पडसे जुनाट होते. नाकातून घट्ट पू येई, गाल ठणके. गालाचे हाड उघडून आतली पोकळी वामनरावांकडून साफ करून घ्यावी, असे मी ठरवूनच गेलो होतो. चाकूच्या धास्तीने ती "मले काई होत नाई" एवढेच म्हणत होती.

वामनरावांनी खोलीत अंधार करून तिच्या तोंडात लहानसा दिवा धरला. उजवा गाल तांबूस उजळला, डावा आत पू साचल्याने काळाच राहिला. माझ्या मते निकाल लागला होता. ते मात्र तिच्यासमोर बसले.

"बाई, या दुखण्यापायी कोणती कामं सुटली?"

"काईच नाई जी."

सासू उसळली. "काईच नाई कशी वं? वाकली का डोकं धरून बसते. खाली पडलेली संत्री मले बुढीले येचा लागतात. भाजी करपली तरी हिले वास नाई!"

"आणि झोप?"

"मस्त झोपते. घोरते बी!"

ताप नव्हता, डोळा सुजलेला नव्हता, नजर साफ होती. "दुखणं जुनं आहे, पण थांबायला वेळ देणारं आहे," ते मला म्हणाले. "पोकळी सुईनं धुऊन पाहिलीत?" पाहिली नव्हती.

दोघींना त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पोकळी धुताना दर वेळी ते वाकण्याची, वासाची, झोपेची चौकशी करीत. हळूहळू पाणी स्वच्छ येऊ लागले. शेवटी सासूच तक्रार घेऊन आली. "डाक्तरसाहेब, तुमी हिले नाक देल्लं, आता माह्याच भाजीले नावं ठेवून राहिली!" वामनराव खळखळून हसले. चाकू लागला नाही.

ते चाकू टाळतात, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. दर्यापूरच्या एका शिक्षकांनाही असेच जुने पडसे होते. त्यांचा डोळा सुजून पुढे आलेला पाहताच वामनरावांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि तासाभरात शस्त्रक्रिया केली. डोळा वाचला. इतकी वर्षे रोगी नेऊन वामनरावांच्या शेजारी उभा राहूनही, कधी थांबावे आणि कधी चाकू धरावा हे त्यांना कसे उमगते, ते मला पुरते कळलेले नाही.

आज ते साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, ही माझी प्रार्थना निःस्वार्थ आहे असे म्हणवत नाही. येत्या मंगळवारी मी आणखी एक रोगी अकोल्याला नेणार आहे. शस्त्रक्रिया हवी, असे माझे मत आहे. ते हो म्हणतील की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.