डाव्या कोपऱ्याचा हंगाम

आमच्या गावच्या कबड्डी संघात डावा कोपरा आमच्या घरातच असायचा. लेखी कुठे नव्हतं. पण सरपंच बदलले, भातखाचरांची गोदामं झाली, तरी डावा कोपरा कुणी हलवला नाही. आधी काका, मग मी. समोरचा चढाईला आला की रेषेला चिकटून उभं राहायचं, त्याचा पाय बोनससाठी पुढे सरकला की घोटा धरायचा. धरला तर गाव डोक्यावर घेतं, सुटला तर तेच गाव आईबहीण काढतं. सोळा वर्षं मी घोटे धरले. चौतिसाव्या वर्षी धरण्यापेक्षा सुटायलाच जास्त लागले होते, आणि हे मी सोडून सगळ्यांना दिसत होतं.

लागोपाठ तीन हंगाम आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो. मग मंडळाने काकांना शाल-नारळ देऊन प्रशिक्षकपदावरून उतरवलं आणि नवा कोच आणला. नारपोलीच्या यंत्रमाग वस्तीत राहणारा, एका कंपनीच्या संघातून खेळून निवृत्त झालेला. उभा जन्म लूमच्या खडखडाटाशेजारी गेल्यामुळे माणूस ओरडूनच बोलायचा. त्याने कुणाच्या कानात सांगितलेलं गुपितही रस्त्यावर ऐकू जायचं. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला म्हणाला, "कॅप्टन, पोट आत घे. घोटा हाताने धरतात." पोरं हसली. मीही हसलो, पण ते वाक्य मी विसरलो नाही. मी काही विसरणारा माणूस नाही, एवढा गुण माझ्यात आहे.

गावात मोकळी जागा म्हणाल तर दोन गोदामांच्या मधला एक तुकडा उरला होता. तिथे रोज सकाळी सहाला सराव. काकांच्या वेळी सराव म्हणजे अर्धा तास खेळ आणि तासभर गप्पा. नव्या सरांनी गप्पा बंद केल्या, उशिरा येणाऱ्याला मैदानाला वीस फेऱ्या लावल्या आणि भावकी बघून संघ निवडायची रीत मोडली. महिन्याभरात अध्यक्षांचा पुतण्या राखीव खेळाडूंत जाऊन बसला. गावात कुजबुज झाली, पण आम्ही दोन सामने जिंकलो आणि कुजबुज करणारेच पेढे वाटत फिरले.

मग सरांनी त्याला आणलं.

तो मला चांगला ठाऊक होता, कारण पूर्णा गावच्या ज्या गोदामात मी शिफ्ट सुपरवायझर आहे, तिथेच तो लोडर होता. डोंगराकडच्या पाड्यावरचा, सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला. त्याची आई आमच्या शेतावर लावणीला यायची, तेव्हा आमची शेतं होती. ती दुपारची भाकरी बाहेर ओट्यावर खायची आणि आपलं भांडं आपण धुऊन ठेवायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. सर एकदा मला भेटायला गोदामात आले. ट्रकच्या फळीवरून एक खोका घसरला आणि ह्याने तो खाली वाकून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही हातांनी पकडला. सरांनी माझ्याशी चाललेलं बोलणं तिथेच सोडलं.

पंधरा दिवसांत डावा कोपरा त्याचा झाला. मला कॅप्टन ठेवलं आणि राखीव बसवलं. कबड्डीत असा कॅप्टन म्हणजे लग्नात नवऱ्या मुलाऐवजी घोड्याला हार. खोटं कशाला सांगू, त्याची पकड बघायला मिळणं हे भाग्यच होतं. घाई नाही, आव नाही. समोरच्याचा पाय येईपर्यंत तो अवघडल्यासारखा उभा असायचा, आणि पाय आला की सुटायचं नाव नाही. गोदामात मी त्याची हजेरी लावायचो, मैदानावर त्याला पाणी नेऊन द्यायचो. तो बाटली दोन्ही हातांनी घ्यायचा आणि म्हणायचा, "ऱ्हाऊं द्या ना दादा, मीच आलो असतो." त्याच्या या अदबीचाही मला राग यायचा. त्याने थोडा माज केला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आम्ही साठ किलोच्या गटात खेळत होतो. दर सामन्याआधी सकाळी वजन व्हायचं. काट्यावर साठच्या वर गेला तो बाहेर, रडून-भेकून उपयोग नाही. आम्ही एकेक फेरी जिंकत तालुक्याच्या अंतिम सामन्यात पोचलो. तेव्हा सरांनी त्याला आणि मला बाजूला घेतलं आणि पाऊण गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की त्यांच्या जुन्या कंपनीचा माणूस अंतिम सामना बघायला येणार आहे. त्यांना डावा कोपरा हवा आहे. माणूस पसंत पडला तर संघात जागा आणि कंपनीत कायमची नोकरी. "सव्वीसच्या पुढचा ते घेत नाहीत. हा सामना गेला की तुझा विषय संपला," सर त्याला म्हणाले.  दुसऱ्या दिवशी गोदामात त्याने मला हळूच विचारलं, "दादा, कायमची म्हंजे पावसात पन कामाव ठेवतान ना?" मी हो म्हणालो.

आता आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. संघ अंतिम सामन्यात गेला की आधीच्या आठवड्यात रोज संध्याकाळी एकेका घरी खेळाडूंना मानाचं ताट असतं. खेळाडू म्हणजे त्या आठवड्यापुरती गावदेवीची माणसं. तांदळाची भाकरी, मटण, कोलंबी, वर आग्रह करायला घरातल्या सगळ्या बायका. सरांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, असलं काही चालणार नाही. त्यावर काका मंडळात उभे राहिले. "देवीचा मान हाय तो. कोच आज हाय, उद्या न्हाय." सर एकटे पडले. शेवटी एवढंच ठरलं, की त्या लोडरचं वजन मी रोज गोदामातल्या पार्सलच्या काट्यावर करायचं आणि आकडा सरांना फोनवर लिहून पाठवायचा. बाकीच्यांची त्यांना काळजी नव्हती. आम्ही गावचे.

म्हणजे काय, ते समजून घ्या. मानाचं ताट कसं खायचं हे आमच्याकडे चौदाव्या वर्षीच मुरलेलं असतं. पहिला घास मोठा घ्यायचा, मग गप्पा मोठ्या मारायच्या. मटण वाटीतल्या वाटीत फिरवायचं, बाई वाढायला वाकली की ताटावर हात आडवा धरून देवीचं नाव घ्यायचं. उरलेलं घरी पोरांना जातं. वर परतताना अंगात रेनकोट चढवून नाक्यापर्यंत पळून यायचं, घाम गळेपर्यंत. वाढणाऱ्या बायकांनाही हे ठाऊक असतं. आग्रह हा खेळाचाच भाग आहे.

त्याला हे कोण सांगणार? तो पहिल्यांदाच आमच्या घरांत उंबऱ्याच्या आत, पंगतीत बसत होता. पहिलं ताट आमच्याकडे होतं. आई त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "घे रं पोरा, लाजू नको. कवरा वालला हायस." माझ्या आईने, जिने त्याच्या आईला ओट्यावर भाकरी दिली होती, तिने त्याला चार वेळा वाढलं, आणि तो मान खाली घालून चारही वेळा जेवला. मालकाच्या घरचं वाढलेलं टाकायचं नाही, हे त्याच्या घरचं वळण. ताट असं स्वच्छ केलं की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. कोपराने ढोसून एक शब्द सांगितला असता तरी पुरे होतं. मी वाटीतलं मटण फिरवत बसलो.

सोमवारी तो एकोणसाठ होता. बुधवारी साडेएकोणसाठ. तोवर रोजचा आकडा मी सरांना पाठवला. गुरुवारी कोलंबीवाल्यांकडे ताट होतं, त्यांनी तर त्याला घरातला जावई असल्यासारखं जेववलं. शुक्रवारी दुपारी तो काट्यावर चढला आणि काट्याने साठ किलो चारशे ग्रॅम दाखवले. पार्सलच्या काट्यावरचे आकडे वरच्या माणसाला दिसत नाहीत. त्याने विचारलं, "बराबर हाय ना दादा?"

मी म्हणालो, "हाय."

मग फोन काढला आणि सरांना लिहिलं, "ठीक." आकडा लिहिला नाही. शनिवारी सर कागदपत्रांसाठी ठाण्याला असणार, त्या दोघांची भेट थेट रविवारी काट्यापाशीच होणार, हे मला माहीत होतं. अजून दीड दिवस होता. शुक्रवारी सांगितलं असतं तर सरांनी त्याला पळवून, उपाशी ठेवून, हवं तेवढं उतरवलं असतं. मी मनाशी म्हणालो, ट्रक भरताना आपोआप उतरेल. आणि शनिवारी त्याला लोडिंगवरून काढून बसून लेबलं चिकटवायच्या कामावर लावलं. उद्या सामना आहे, दमू नकोस, म्हणालो. त्याने मला हात जोडले.

रविवारी सकाळी काटा साठ किलो सातशेवर थांबला. पंचांनी त्याला खाली उतरवलं, बनियन काढायला लावलं, पुन्हा चढवलं. काही उपयोग झाला नाही. तो अर्ध्या चड्डीवर तिथेच उभा राहिला. काय झालंय हेच त्याला कळत नव्हतं. एकदा काट्याकडे बघायचा, एकदा स्वतःच्या पोटाकडे. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाला हळू बोलता येत नाही असं मी समजत होतो, तो माझ्या अगदी जवळ आला आणि कुणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "आकडा का नाही लिहिलास?"  ते पुढे म्हणाले, "जा, कपडे बदल. कोपरा तुझा आहे."

संध्याकाळी मी खेळलो. चांगला खेळलो, हेच जास्त लाजिरवाणं आहे. पाच पकडी केल्या. कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसला होता. मध्यंतरात त्याने सरांना माझं वय विचारलं, चहा संपवला आणि गाडी काढून निघून गेला. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. गुलालात मला खांद्यावर घेऊन देवळापर्यंत नेलं. काका रडले. म्हणाले, "घरचा कोपरा घरी आला." सर मिरवणुकीत नव्हते. धामणकर नाक्याच्या शेअर रिक्षात बसताना कुणीतरी त्यांना पाहिलं. ते पुन्हा गावात आले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात काका परत कोच झाले. गावात आता सांगतात, बाहेरचा माणूस टिकत नाही.

सोमवारी तो वेळेवर ड्युटीला आला. हजेरी लावून बाकीचे आत गेले तरी तो माझ्या टेबलाशी उभाच राहिला. मला वाटलं सरांनी त्याला सगळं सांगितलंय. खरं तर मला थोडं हलकंच वाटलं. आता शिवी देईल, कॉलर धरेल, निदान एकदाचं संपेल.

"दादा," तो म्हणाला, "चुकी झाली माजी. तुमच्या गावानं मना मानानं जेवाला बसवला आनि मी हावऱ्यासारका खाल्ला. गावाचं नाव जात होतं माज्यापायी. तुमी होतां म्हनून वाचलं. मना माफी करा."

बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी मस्टर मिटलं आणि त्याला म्हणालो, "जाऊं दे रं. होतं असं कधी कधी." त्याचा चेहरा मोकळा झाला. तो वाकून माझ्या पाया पडला आणि ट्रककडे गेला. अशी मी त्याला माफी दिली.