पहिला भाव

बोईसरच्या मासळी बाजारात सकाळचा पहिला भाव मी सांगते. मी एकदा बोलले की त्याखाली दुसरी कोणी उतरत नाही. एका टोपलीवर सुरुवात करून, सगळ्यांशी भांडून मी हा मान मिळवला. कोणी हातात आणून दिला नाही.

म्हणून पालघरहून अभ्यासाच्या बाई आल्या त्या आधी माझ्याकडेच. पुढारीपण करणाऱ्या बायका आणि त्यांच्या हाताखालच्या बायकांची तब्येत, असा त्यांचा विषय. ज्यांना त्रास असेल त्यांची तपासणी त्या स्वतः करवून देणार होत्या. कागद काढून त्यांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, “ताई, अंगावरून जाणं, लघवीचा त्रास, असं काही?”

असा प्रश्न चारचौघींत विचारतात? माझा त्या बाईंवर राग आहे आणि तो जाणार नाही.

बाजारात बायकांना मुतारी नाही म्हणून मी दिवसभर पाणी पीत नाही, लघवीला आग होते. पण समोरच्याला गरज दिसली की आपण गेलो, हे मी धंद्यात शिकले. शिवाय दुखणेकरी बाईचं ऐकतं कोण? मी म्हणाले, “मला काय नाय. ठणठणीत हाय.”

मग ओळीने सगळ्यांनी तेच सांगितलं. शेजारी बसणारी माझी मोठी जाऊ तर हसून म्हणाली, “आमाला काय होतंय? आमी बर्फातल्या बायका.”

तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिला रक्त जात होतं. लुगडं मासळीच्या पाण्याने कायम ओलं, दिसणार कोणाला? काही महिन्यांनी एक दिवस ती टोपली उचलताना पडली तेव्हा मला कळलं. डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात गाठ आहे, फार उशीर केलात.

मी तडक पालघर गाठलं. “माझं उत्तर बदला,” बाईंना म्हणाले, “तिचंही बदला. हव्या तेवढ्या बायका आणून देते, पण हिला तपासणीत घ्या.”

“ताई, ते काम संपलं. यादी कधीच बंद झाली.”

मी टेबलावर हात आपटले आणि मग त्याच हातांनी त्यांचे पाय धरले. घासाघीस न करता मी आयुष्यात पहिल्यांदा काही मागत होते. त्यांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. तिथे मिळाली ती पुढच्या महिन्याची तारीख.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात सगळ्या भावासाठी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, “मला लघवीला आग होते. लई वर्सं झाली. त्या दिवशी मी खोटं बोलले.”

मग समोरची कोलंबीवाली खाली बघत म्हणाली, “माजं अंग बाहेर येतं.” मग तिच्या पलीकडची बोलली. मग आणखी एक.

संध्याकाळी मी जावेला सांगितलं, सगळ्या बोलल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने विचारलं, “नि भाव काय सांगितलास गो?”

तो मी सांगितलाच नव्हता.