मुलेठीचा तुकडा

आमच्या उज्जैनच्या कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारे एक कारकून होते. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध असे. कुणी खाकरलं की लेखणी कानावर ठेवून ते उठत, तुकडा हातावर ठेवत आणि बजावत, "चावू नका, गालात धरा. घशाची खराश आपोआप जाईल." आम्ही हसायचो, पण गाल फुगवून बसायचो.

मध्यभारत राज्य संपलं, नव्या राज्याची राजधानी भोपाळला गेली. आमच्यातून तिकडे बदलीवर कुणाकुणाला जायचंय ती यादी मोठ्यानं वाचायचं काम माझ्यावर आलं. पहिल्याच ओळीला माझा घसा खवखवला. ते नेहमीसारखे उठले, तुकडा दिला.

"सावकाश वाचा, भाऊ. आवाज साफ आला पाहिजे."

सातव्या ओळीवर त्यांचंच नाव होतं. अक्षरही त्यांचंच होतं.