पहिला हात

सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या आमच्या खाडीत एकच नियम. पाहुण्यांची शिडाची बोट आली की ज्याचा हात आधी तिला लागेल, तिचं गिऱ्हाईक मुक्काम संपेपर्यंत त्याचं. तिचा दोर माडाला त्यानंच बांधायचा, पाव-केळी त्यानंच विकायची, धबधबाही त्यानंच दाखवायचा.

माझा नवरा ऑर्मंड चाळीस वर्षं हे काम वल्ह्यांवर करत आला. बाकीच्यांनी होड्यांना इंजिनं बसवली. हा पहाटेच निघून खाडीच्या तोंडाशी थांबायचा. दर डिसेंबरात हिरव्या बोटीतून एक म्हातारं जोडपं यायचं, ते ठरलेलं त्याचंच.

वर्षभरापासून तो टोपलीतले पाव चाचपून बघायला लागला होता. माझ्या ध्यानात आलं होतं. मी देवाला सांगत राहिले, त्याला काही बोलले नाही.

त्या सकाळी दोन बोटी आल्या. पुढे पांढरी, मागे हिरवी. ऑर्मंड जोरात वल्ही मारत गेला आणि पांढरीला भिडला. पाण्यावरून त्याचा आवाज मला किनाऱ्यावर ऐकू आला, "आलात का कप्तान! बाई बऱ्या आहेत ना?"

"कोण बाई?" वरून कुणी पोरगा हसला.

हिरवी बोट त्याच्या अगदी जवळून गेली. म्हातारा टोपी हलवत होता. ऑर्मंडनं मान वळवली, पण हात काही उचलला नाही. शेवटी इंजिनवाल्या पोरांपैकी लेनॉक्सनं होडी नेऊन हिरवी धरली.

किनाऱ्यावर लेनॉक्स म्हणाला, "काका, तुमचीच माणसं ती. घ्या दोर."

मासे साफ करणारी हिल्डा ओरडली, "काकांना आता तरणी गिऱ्हाइकं लागतात, बाबा!"

सगळे हसले. ऑर्मंडही हसला. "नियम तो नियम. मी पांढरीच धरली."

पांढरी दुपारी निघून गेली, एक पावही न घेता.

संध्याकाळी म्हातारी आमच्या अंगणात आली. "ऑर्मंड, रागावलास का रे? यांनी किती टोपी हलवली!"

तो उठला, आणि ती उभी होती त्याच्या जरा बाजूला बघत म्हणाला, "दिसली नाही, बाई."

माझ्यासमोर हे तो पहिल्यांदाच बोलला. म्हातारीनं पुढे होऊन त्याचा हात धरला.

दुसऱ्या पहाटे मी पाव फडक्यात बांधले. तो अंथरुणावरच बसून होता.

"लेनॉक्सला दे," म्हणाला.

टोपली डोक्यावर घेऊन मीच आमच्या होडीकडे गेले.